अक्षौहिणी म्हणजे ‘असंख्य’ नव्हे

खानापूरहून एका वाचकाने विचारले आहे की, ‘अक्षौहिणी’ हा शब्द ‘असंख्य’ या अर्थाने चालतो का, आणि तो ‘अक्षोहिणी’ असा लिहिला तर चुकते का. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ‘अक्षौहिणी जनसमुदाय लोटला आहे’ असे निवेदन ध्वनिक्षेपकावरून ऐकले की माझा संताप होतो, कारण अक्षौहिणी ही प्राचीन सैन्याची मोजून ठरवलेली संख्या आहे: २,१८,७००.

एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ अशी दहांची एक पत्ती होते. तिथून सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी अशा सात पायऱ्या तिपटीने चढत गेले की अनीकिनीत ३⁷, म्हणजे २,१८७ पत्ती भरतात, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी होते. म्हणून या संख्येचे मूळ अवयव २² × ३⁷ × ५² एवढेच असून तिला नेमके ७२ विभाजक आहेत. रथ २१,८७०, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५० यांच्या अंकांची बेरीज प्रत्येक वेळी १८ येते याचे कीर्तनांतून फार कौतुक होते. पण नवाने भाग जाणाऱ्या संख्येची अंकबेरीज नवाच्या पटीतच येणार, खरे सौंदर्य त्या सात तिनांत आहे.

माझा खरा जीव मात्र ‘अक्ष’ या पहिल्या पदात अडकला आहे. अक्ष म्हणजे गाडीचा आस. ‘आस’ हा शब्द त्या ‘अक्षा’पासूनच आला, आणि आमचा कानडी शेजारी त्याच दांड्याला ‘अच्चु’ म्हणतो. रथाला आस एकच आणि पत्तीत रथही एकच, तेव्हा आस मोजले की पत्ती मोजल्या गेल्या आणि सारे सैन्य मोजले गेले. ‘ऊहिनी’ म्हणजे समूह, ज्यातला ‘ऊह’ आपल्याला ‘व्यूह’ या शब्दातही भेटतो. आसांचा समूह ती अक्षौहिणी, असे माझे ठाम मत आहे.

मोनियर विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात आसाची शक्यता नोंदवली खरी, पण अनीकिनीत २७ वाहिनी असतात आणि २७ हा तिनाचा घन आहे, एवढ्यावरून त्यांनी ‘अक्ष’ म्हणजे घनाकृती फासा आणि पुढे ‘वाहिनी’ अशीही फोड सुचवली. हे मला मुळीच पटत नाही. नाव अक्षौहिणीचे आहे, अनीकिनीचे नव्हे. अक्षौहिणीत वाहिनी २७० असतात आणि २७० हा कोणाचाही घन नाही. शिवाय ‘वाहिनी’चे ‘औहिणी’ कसे झाले हे त्यांनी सांगितलेले नाही, तर अक्ष आणि ऊहिनी यांच्या संधीसाठी कात्यायनाचे स्वतंत्र वार्तिकच, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणसूत्राला जोडलेला पूरक नियमच आहे.

त्याच वार्तिकात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘सूर्योदया’च्या नियमाने अ आणि ऊ मिळून ओ व्हायला हवा होता, पण येथे ‘प्रौढ’ शब्दातल्याप्रमाणे औ होतो, म्हणून ‘अक्षौहिणी’ असेच लिहावे.