वाचकांचे प्रश्न : पेकिन बँटम घ्यावी का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो, मागे छोटंसं गार्डन आहे, मुलगी कोंबड्यांसाठी हटून बसलीय. शेजारीण म्हणते पेकिन बँटम (बुटक्या कोंबड्यांची एक जात) घ्या, लॉनची वाट लावत नाहीत. खरंय का? आणि उरलेला भात, पोळी चालेल ना त्यांना?

उत्तर : ताई, शेजारीण बऱ्यापैकी बरोबर सांगतेय. पेकिन मूळची चीनची, १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली, वजन अर्धा-पाऊण किलो, अंग गोल गरगरीत आणि पिसं थेट पायाच्या बोटांपर्यंत, त्यामुळे मोठ्या कोंबडीइतकं उकरत नाही, उडतही फारशी नाही, दोन फुटी जाळीत राहते. तरी मेथीचा वाफा झाकाच, कोवळं दिसलं की ती काय सोडणार!

पण खरी कटकट त्या पिसांचीच. तिकडच्या ओल्या हिवाळ्यात चिखल बोटांना चिकटून वाळतो आणि त्याची दगडासारखी ढेकळं होतात, ती ओढून काढायची नाहीत, कोमट पाण्यात पाय बुडवून हळूहळू सोडवायची. तेव्हाच पिसं बाजूला करून पायाचे खवले बघा, वर उचललेले, खरबरीत दिसले तर माइट (अगदी बारीक किडे) लागलेत, व्हेटला दाखवा. वर छप्पर असलेली कोरडी जागा नसेल तर माझ्या मते पेकिन घेऊच नका.

अंड्यांवर डोळा ठेवून तर मुळीच नको. अंडी लहान, त्यात ही सारखी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, रिकाम्या खोक्यातसुद्धा फुगून बसते, हात लावला की टोचते, अंडी बंद. रोज उचलून दाण्यापाण्याला बाहेर काढावं लागतं. मुलांच्या मांडीवर मात्र छान बसते, स्वभावाने गरीब.

भात-पोळीचं म्हणाल तर नाही चालणार. स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालणं तिथे बेकायदेशीर आहे, पाळीव असल्या तरी. गार्डनमधला पालक थेट तोडून घाला, ते चालतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते.

एकटी आणू नका, दोन-तीन घ्या, कोंबडा नको (एवढासा असला तरी पहाटे गल्ली उठवतो). अंधार पडायच्या आत खुराडं बंद, कोल्हे शहरातही फिरतात. आणि हो, घराच्या कागदपत्रांत कोंबड्या पाळायला मनाई नाही ना, ते मुलीला सांगायच्या आधी बघून घ्या.