लातूरकडं हॉटेल टाकायचंय, शेतकरी, कामगार आणि गिऱ्हाईक तिघांनाही परवडेल असं खरंच चालवता येतं का?

येतं. पण माल थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा का, याच्या आधी भाकरी कोण थापणार ते ठरवा. औसा रोडला आमची खानावळ आहे, त्यावरून सांगतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, कणकेसारखं सकाळीच मळून ठेवता येत नाही, गरम पाणी घालून थोडं थोडं मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, आणि हे भर दुपारी चुलीपुढं बसून. म्हणून तर हायवेवरचे ढाबे सरळ मैद्याची तंदुरी रोटी देतात आणि बोर्डावर गावरान लिहितात. तंदूरवाल्याला महिन्याचा पगार अन् भाकरीवाल्या बाईला रोजंदारी, असं केलं तर बाया टिकत नाहीत, मग बाकीचं सगळं बोलणं फुकट. तिलाही तेवढाच पगार द्या.

आता ज्वारी. सोयाबीन आलं तशी ती मागं पडली, काढणीला मजूर मिळत नाही, पाखरं राखावी लागतात, सुगीत भाव पडतो. तरी ज्याच्या दावणीला जनावर आहे तो कडब्यासाठी पेरतोच. त्याच्याशी दसऱ्याच्या आसपास, पेरतानाच भाव बोलून घ्या. मालदांडीचा, म्हणजे रब्बी ज्वारीच्या त्या वाणाचा, हमीभाव 2025-26 ला 3749 रुपये क्विंटल होता, चालू हमीभावाच्या खाली बोलूच नका, आणि माल उचलला की रोख. शंभर रुपये जास्त देतो म्हणून दोन महिने पैसे अडकवले तर पुढच्या वर्षी तो दारात उभा करणार नाही. वर्षाची ज्वारी एकदम भरायला भांडवल लागतं, ते आधीच धरा, इंटेरियर नंतर करा.

डाळीचं म्हणाल तर निलंग्याकडच्या बोरसुरीच्या तुरीला 2024 ला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण महाग पडते, रोजच्या वरणाला साधी चालते.

भाजीचं छापील मेनूकार्ड नको, फळ्यावर लिहा. मे महिन्यात येसर आमटी, पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कुणी नाव ठेवत नाही. पाणी ग्लास भरून ठेवू नका, तांब्या-फुलपात्र द्या. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे. अनलिमिटेड थाळी तर अजिबात नको, त्यापेक्षा अर्धी भाकरीही मागता येईल असा रेट लावा.