पुस्तके माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : माझा मुलगा विज्ञान शाखेतून यंदा बारावीत गेला आहे. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीला ६७ वर आला. एप्रिलमध्ये त्याची खोली आवरताना पलंगाखाली रोलप्लेइंग गेमची दहा-बारा जाडजूड इंग्रजी पुस्तके सापडली. मुंबईच्या मावसभावाने ती दिली होती. मी ती ट्रंकेत भरून माळ्यावर टाकली, कुलूप लावले आणि बारावी होईपर्यंत मिळणार नाहीत असे सांगितले. तेव्हापासून तो जेवणापुरतेच बोलतो. वेड किती आहे ते कळावे म्हणून त्याच्या वहीतला एक कागद सोबत जोडत आहे. त्याला गेम डिझायनर व्हायचे आहे. तसे असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करू दे, नाहीतर फार्मसी. यातले काय घ्यावे? आम्हाला या खेळांतले काही कळत नाही. जत्रेतला दशावतार सोडला तर आम्ही काही पाहत नाही. – एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘जेवणापुरतेच बोलतो’ या शब्दांपाशी थांबले. दहावीनंतर अभ्यासक्रम एकदम जड होतो आणि चांगल्या मुलांचेही गुण अकरावीत उतरतात, त्यामुळे ६७ टक्क्यांचे खापर पुस्तकांवर फोडण्याइतका पुरावा आपल्या पत्रात मला दिसत नाही. मात्र बारावीच्या वर्षात, जेव्हा त्याला घरातल्या माणसांचा आधार सर्वांत जास्त लागणार आहे, तेव्हाच सतरा वर्षांचा मुलगा वडिलांशी बोलेनासा झाला आहे, आणि आपण ती गोष्ट एका वाक्यात सांगून शाखेच्या प्रश्नाकडे वळला आहात, याची मला खरी काळजी वाटते. स्पष्टच लिहिते : आपण जे केले त्याला शिस्त म्हणता येणार नाही. त्याला जे सर्वांत प्रिय आहे ते काय आहे हे न विचारता आपण ते काढून घेतलेत.

आता त्या कागदाविषयी. तो आपण वेडाचा पुरावा म्हणून पाठवलात, पण या वर्षी माझ्याकडे आलेल्या पत्रांमध्ये इतका विचारपूर्वक लिहिलेला दुसरा कागद मला आठवत नाही. रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. असे खेळ रचणाऱ्या ज्या डिझायनरांच्या नावावर अनेक पुस्तके आहेत, अशांची नावे घेऊन त्याने प्रत्येकाचे एकच पुस्तक निवडले आहे आणि पुढे कारण दिले आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांचे त्याने १९८५ सालचे ‘किंग आर्थर पेंड्रॅगन’ घेतले आहे. त्या खेळात प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, दया आणि क्रौर्य यांसारख्या, आणि जोडीतील दोन आकड्यांची बेरीज नेहमी २० भरते. म्हणजे क्रौर्य वाढले की दया आपोआप घटते. ‘माणूस बदलतो हे लेखकाने वर्णन न करता नियमातूनच दाखवले,’ असे आपल्या मुलाने लिहिले आहे. त्याखाली सँडी पीटरसन यांचे १९८१ सालचे ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ आहे, ज्यात सत्य जितके उलगडत जाते तितका पात्राचा मनावरचा ताबा सुटत जातो. तेथून त्याने एक बाण काढून रॉबिन लॉज यांच्या २००६ सालच्या ‘द एसोटेररिस्ट्स’पर्यंत नेला आहे. तपासाच्या खेळात फासा वाईट पडला आणि पुरावा हुकला तर कथाच अडून राहते. लॉज यांनी योग्य कौशल्य असलेल्या पात्राला महत्त्वाचा धागा फासा न टाकताच मिळेल असा नियम केला. एका डिझायनरची अडचण दुसऱ्याने पंचवीस वर्षांनी कशी सोडवली, हे त्या बाणात आहे. असे वाचन करायला त्याला कोणी शिकवलेले नाही.

जोनाथन ट्वीट यांच्याबाबत मात्र माझे त्याच्याशी जमत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीचे ते एक प्रमुख रचनाकार असूनही मुलाने ते प्रसिद्ध नाव बाजूला ठेवले, हे मला आवडले, त्याऐवजी त्याने फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारे १९९५चे ‘एव्हरवे’ निवडले आहे. मी असते तर त्यांनी मार्क राइन-हेगन यांच्यासह केलेले १९८७चे ‘आर्स मॅजिका’ घेतले असते, कारण त्यात एकच खेळाडू कधी जादूगार तर कधी त्याच्या पदरचा साधा शिपाई होतो. त्याला हे जरूर वाचून दाखवा. तो माझे म्हणणे खोडून काढील, आणि निदान त्या निमित्ताने आपल्याशी बोलेल.

आपण म्हणता की या खेळांतले आपल्याला काही कळत नाही, पण जत्रेतला दशावतार आपण पाहता. तिथे आख्यान ठरलेले असते, कोण कोणता वेष घेणार ते ठरलेले असते, आणि संवाद लिहिलेले नसतात. समोरचा राक्षस काय बोलला त्यावर राजा रंगमंचावरच उत्तर देतो. टेबलाभोवतीचा हा खेळ याच जातीचा आहे. एक जण प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकतात. ट्रंकेतली पुस्तके म्हणजे अशा खेळाची आख्याने आणि नियम आहेत.

‘खेळच करायचे असतील तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करू दे’ या वाक्यामागचा समज अनेक घरांत आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. संगणकावर खेळ चालवणारा प्रोग्रामर आणि खेळाचे नियम रचणारा डिझायनर ही दोन वेगळी कामे आहेत. वीस बाजूंचा एक फासा टाकला तर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के, असते. सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेतली तर ३ ही बेरीज २१६ वेळांतून एकदाच येते आणि १० ही २७ वेळा. पहिल्या खेळात काहीही घडू शकते आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा अपेक्षेसारखेच घडते. कोणत्या कथेला कोणता फासा हवा हे ठरवणे हे डिझायनरचे काम आहे, त्याचे गणित मुलाच्या संभाव्यतेच्या धड्यातच आहे, आणि त्यापुढचे सारे काम नेमक्या भाषेत लिहिण्याचे आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली डेव्ह आर्नेसन यांच्यासह लिहिणारे गॅरी गायगॅक्स त्याआधी विमा व्यवसायात होते. पीटरसन पुढे ‘डूम’ या १९९३ सालच्या संगणकीय खेळाच्या कामात गेले. टेबलावर शिकलेले रचनेचे ज्ञान त्यांना पडद्यावर उपयोगी पडले. कोड लिहिण्याची आवड असेल तर मुलाने ते जरूर शिकावे. पण ती आवड नसताना चार वर्षे त्या शाखेत काढली, तर तो ना चांगला अभियंता होईल ना डिझायनर. फार्मसीचे कारण आपण दिलेलेच नाही, त्यामुळे त्यावर मत देणे मला योग्य वाटत नाही.

एमएचटी-सीईटी आपण भरणारच आहात; त्यासोबत यूसीड ही आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा याही द्याव्यात, आणि एनआयडीच्या बंगळुरू येथील केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे हे माहीत असू द्यावे.

आता चिरंजीवांसाठी, आणि हा भाग आपण त्यालाच वाचायला द्यावा. बाळा, केवळ अशी पुस्तके लिहून घर चालवणारे लोक जगातही थोडे आहेत. बहुतेक जण दुसरी नोकरी करून लिहितात आणि शब्दागणिक मोबदला घेतात, म्हणून तुला पदवी हवी आणि उपजीविकेचे एखादे कौशल्य हवे. यात तुझ्या वडिलांचे चुकत नाही. दुसरे असे की तुझी यादी ही वाचकाची यादी आहे. ज्यांची नावे तू लिहिलीस ते एका पुस्तकावर थांबले नाहीत, आणि तू अजून दोन पानांचा खेळही पुरा केलेला नाहीस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असल्यामुळे, मूळ लेखनाचा उल्लेख करून, त्यावर आधारलेले साहस, म्हणजे खेळायचे आख्यान, तू वेंगुर्ल्यात बसून लिहू आणि विकूही शकतोस. मात्र पत्त्यांवरचा खेळ तुला आवडतो, तर आधी सावंतवाडीला जा. तिथल्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते आजही हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा रंगांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. त्या पत्त्यांवर चालेल असा चार पानांचा खेळ मराठीत लिही, तो चार मित्रांना खेळायला दे, स्वतः मध्ये एक शब्दही बोलू नकोस, आणि ते कुठे अडतात ते लिहून ठेव. अभ्यासाच्या दिवसांत रविवारची दुपार यासाठी पुरेशी आहे.

आणि आपल्याला विनंती अशी की सावंतवाडीला त्याला आपणच घेऊन जावे. त्याआधी ट्रंक खाली काढावी. मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत, कौलांखालच्या माळ्यावर पावसाळ्यात किती ओल धरते हे मी आपल्याला सांगायला नको, आणि या पुस्तकांचा गुळगुळीत कागद एकदा ओल खाल्ली की पानाला पान चिकटून बसतो. कुलूप आपण स्वतः काढा आणि पुस्तके त्याच्या हातात द्या.