विचारा तर खरं!

प्रश्न : नातू स्लोव्हेनियात लेंदावाला गेलाय. फोटोत गावाच्या पाटीवर ‘लेंदावा’ आणि ‘लेंद्वा’ दोन्ही लिहिलंय. रंगाऱ्याची चूक का? – एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : चूक नाही हो आजी! एक नाव स्लोव्हेनियन, दुसरं हंगेरियन. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रियानोंच्या तहात हा पट्टा हंगेरीच्या हातून गेला. माणसं जागच्या जागी, सीमाच सरकली. आज तिथे हंगेरियनही अधिकृत भाषा आहे. मला भारी वाटते ती शाळा : १९५९पासून स्लोव्हेनियन आणि हंगेरियन घरांतली पोरं एकाच वर्गात दोन्ही भाषा शिकतात. (आमच्या कोपरीत सिंधी शेजारीण झकास मराठीत भाजीचा भाव पाडते, माझं सिंधी पापडापुढे गेलेलं नाही.) नातवाला सांगा, दुकानात ‘दोबेर दान’ (स्लोव्हेनियन नमस्कार) म्हण; उत्तरादाखल ‘यो नापोत’ (तोच नमस्कार, हंगेरियनमध्ये) आलं तर दचकू नकोस.