ब्रिटनमध्ये डेथस्टॉकर विंचू घरी पाळता येईल का?

परवाना काढलात तर येईल. पण तुम्ही लिहिलंय तशा, तीन रूममेट असलेल्या मँचेस्टरच्या भाड्याच्या घरात मुळीच आणू नका. ऑनलाइन कुणीतरी स्वस्तात देतोय आणि 'सांभाळायला एकदम सोपा' म्हणतोय, असं तुम्ही म्हणता. त्या बाबतीत तो खोटं बोलत नाहीये. सोपाच आहे, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो.

मीही इथे विंचू पाळतो, पण परवाना लागत नाही त्या जातींचे. डेथस्टॉकर म्हणजे लियुरस क्विनक्वेस्ट्रिएटस, उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या वाळवंटातला. तो ब्युथिडी कुळातला, आणि या कुळातले विंचू इथल्या १९७६ च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्टच्या, म्हणजे धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्याच्या यादीत आहेत. म्हणजे कौन्सिलकडे (इथली नगरपालिकाच ती) अर्ज करायचा, फी भरायची, पशुवैद्य येऊन जागा तपासणार त्याचा खर्चही आपणच सोसायचा, शिवाय तिसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा घ्यायचा. गंमत म्हणजे आपल्या कोकणातला लाल विंचूही याच कुळातला, त्यामुळे गावी गवताच्या भाऱ्याखाली फुकट सापडणाऱ्या त्या प्राण्यालाही इथे परवाना लागतो. परवाना न विचारता विकणारा माणूस उद्या तुमचा फोन उचलणार नाही, हे धरून चाला.

आता 'सोपा' म्हणजे काय ते बघा. कोरडी वाळू, एक चपटा दगड किंवा सालीचा तुकडा, डब्याच्या एका बाजूला तिशीतलं तापमान, बाटलीच्या झाकणात घोटभर पाणी, आठवड्याला एखादा रातकिडा. महिनाभर खायला दिलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. आवाज नाही, वास नाही. असा प्राणी घरात असला की काही दिवसांत त्याची भीतीच मोडते. मग लांब चिमटा शोधायचा कंटाळा येतो आणि माणूस पाण्याचं झाकण हातानेच उचलायला जातो. हा विंचू दगडासारखा पडून राहतो आणि हलला की विजेसारखा हलतो. जाणकार पाळणारे झाकण उघडण्याआधी खोलीतला दिवा घालवून डब्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारतात. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, तो नेमका कुठे बसलाय ते कळतं, आणि मगच कडी निघते. नुकतीच कात टाकलेला असेल तर मात्र तो चमकत नाही.

गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, पण काचपेटीच्या कोपऱ्यात सिलिकॉनचा जोड असतो ना, त्यावरून येतं. म्हणून उंच प्लास्टिकचा डबा, कडीचं झाकण, आणि तो डबा आणखी एका बंद पेटीत. त्यातून रानातून पकडलेली मादी आलीच, तर ती आधीच गाभण असू शकते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते एके सकाळी डब्यात दिसेल. डझनावारी पिल्लं, आणि हवेसाठी पाडलेल्या भोकांतून सहज निघतील एवढी बारीक. तुमचे रूममेट अनवाणी बाथरूमला जात असतीलच.

विष थोडं पण जहाल. धडधाकट मोठा माणूस बहुतेक वेळा वाचतो, पण वेदना भयंकर, आणि लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, हृदयविकार असलेल्यांच्या जिवावर बेततं. नसा भडकतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतं. कोकणातल्या लाल विंचवाचंही असंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून कितीतरी जीव वाचवले. पण ते डॉक्टर रोज असे रुग्ण बघत होते. मँचेस्टरच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने आयुष्यात विंचवाचा रुग्ण बघितला नसेल. या जातीचं प्रतिविष तिथे तयार असेल असं धरू नका. भारतातून इंजेक्शन आणून फ्रिजात ठेवीन, असाही विचार नको. ते लाल विंचवाच्या विषावर बनवलेलं असतं आणि घरी टोचण्याची गोष्ट नाही.

विष विकून पैसे मिळतात म्हणे, हेही तुम्ही विचारलंय. यातल्या क्लोरोटॉक्सिन नावाच्या घटकावर मेंदूच्या गाठींसंदर्भात संशोधन झालंय हे खरं, पण एका विंचवातून निघणारं विष मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि विद्यार्थ्याच्या बेडरूममधून ते कुठलीही प्रयोगशाळा विकत घेत नाही.

विंचूच हवा असेल तर एम्परर घ्या. पश्चिम आफ्रिकेतला, काळाभोर, तळहाताएवढा, पुढे जाड चिमटे असलेला. विष सौम्य, परवाना नको. फक्त माती ओलसर लागते, आणि रानातून पकडलेला न घेता इथेच जन्मलेला मागा.

आणि प्रश्न विचारण्याआधीच तो पिवळा डेथस्टॉकर घरी आणला असेल तर बाहेर सोडू नका. डबा टेपने बंद करा, वर शास्त्रीय नाव ठळक लिहा, रूममेटना आजच सांगा, आणि आरएसपीसीए या प्राणीरक्षक संस्थेला किंवा कौन्सिलला फोन करा. त्याआधीच कुणाला डंख झाला तर ९९९ लावा आणि डब्यावरचं ते नाव वाचून दाखवा.