आजचा फोटो पाठवा

तुमचं पत्र चार पानांचं आहे. चौदा वर्षांचा तुमचा कुत्रा ब्रुनो, आठ महिन्यांपूर्वी कळलेला किडनीचा आजार, रोजचं सलाईन, आणि गेले पाच दिवस खाणं पुढे ठेवलं की तोंड फिरवणं. डॉक्टर म्हणाले, ‘आता विचार करा.’ यजमान म्हणतात, ‘अजून थोडं थांबू.’ आणि इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे निरोप द्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं, असं तुम्ही मला विचारता.

तिसऱ्या पानावर तुम्ही ओझरतं लिहून गेलात : ‘मुलगा परीक्षेसाठी बाहेरगावी आहे, अजून तीन आठवडे. तो ब्रुनोचा फोटो मागतो, तेव्हा मी जुनाच एखादा पाठवते.’

जुना का पाठवता? आजचा पाठवायला हात धजत नाही म्हणून ना? मग वेळ कशी ओळखायची हे मला विचारू नका. फोनमध्ये मागे मागे जात तुम्ही त्यातल्या त्यात बरा दिसणारा ब्रुनो शोधता, तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक असतं.

यजमानांच्या तक्रारीला तुम्ही अख्खं पान दिलंय. त्यांचं राहू द्या. ते ‘थांबू’ हे उघड म्हणतात; तुम्ही तेच लपवून करता आहात, परीक्षेच्या तारखेआड. राग आला तर येऊ द्या, पण त्या तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस ब्रुनोच्या अंगावरून जाणार आहे.

तो नखरे करत नाहीये. किडनी थकली की रक्तात युरिया साठतो, सतत मळमळतं, तोंडात जखमा होतात. अन्नाच्या वासानेही नको होतं. तुम्ही लिहिता, ‘मला पाहून शेपटी मात्र हलवतो.’ हलवणारच. दुखत असतानाही कुत्री आपल्या माणसासाठी शेपटी हलवतात. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस विलालोबोस यांनी 2004 मध्ये अशा वेळेसाठी एक मोजपट्टी दिली : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 10 पैकी गुण द्यायचे, 10 म्हणजे सगळ्यात चांगलं. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहावं. शेपटी या सातांपैकी एकाच रकान्यात बसते. बाकीचे सहा तुम्ही पत्रातच भरले आहेत.

आज रात्री ब्रुनोचा आजचा फोटो मुलाला पाठवा, आणि लगेच फोन करा. परीक्षा आहे, तो रडेल, पेपर बिघडेलही. पेपर पुन्हा देता येतो. ब्रुनो घरी आला तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचा होता, हे तुम्हीच लिहिलंय. मग यायचं की व्हिडिओ कॉलवर ब्रुनोशी बोलायचं, हे त्यालाच ठरवू द्या. दिवस मात्र याच आठवड्यातला धरा. डॉक्टरांना उद्या सकाळीच कळवा.

ब्रुनोला निरोप देताना काय होतं हेही मुलाला सांगून ठेवा. बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखंही वाटतं. आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

फोटो काढताना खाली जमिनीवर बसा, त्याच्या उंचीवर. फ्लॅश बंद ठेवा, आणि दुसरा हात त्याच्या मानेवर असू द्या. तोही फोटोत आला तर येऊ दे.