द्रव मूलद्रव्यं दोनच? आमच्या नागपुरात मे महिन्यात येऊन मोजा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुस्तकात खोलीच्या तापमानाला पारा आणि ब्रोमीन ही दोनच मूलद्रव्यं द्रव दिली आहेत, मग व्हिडिओत गॅलिअम तळहातावर कसं वितळतं? आणि द्रवणांकाला (पदार्थ किती अंशांना वितळतो त्याला) आवर्तसारणीत काही नियम आहे, की नुसतंच पाठ करायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पुस्तकातली खोली २५ अंशांची असते. माझी खोली नागपुरात आहे.

सिझिअम २८.५ अंशांना वितळतं, गॅलिअम २९.८ ला, रुबिडिअम ३९.३ ला आणि पांढरा फॉस्फरस ४४.१ ला. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर गेला तर इथे कोणी मान वर करून पाहत नाही. म्हणजे भर दुपारी, कूलर बंद पडलेल्या खोलीत, दोनाची सहा होतात. (सिझिअम, रुबिडिअम हवेत उघडे पडले की पेट घेतात आणि पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो. तेव्हा हे कागदावरच मोजा.)

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. मुलांना दाखवायला म्हणून दहा ग्रॅम गॅलिअम ऑनलाइन मागवलं होतं. आलं एप्रिलमध्ये. वर्गात मोठ्या थाटात डबी काढली, ‘आता हे हातावर ठेवलं की वितळेल’ म्हणालो, आणि डबीत आधीच चांदीसारखं पाणी हलत होतं! मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, वितळलेलंच आणलं का?’

घरी आणून फ्रीजच्या दारात ठेवलं. थंड झालं, तरी गोठेना. गॅलिअमला ही खोड आहे, गोठणबिंदूच्या बरंच खाली गेलं तरी द्रवच राहतं. घट्ट गॅलिअमचा एखादा कण आत पडला की मग भराभर गोठतं. तो कण माझ्याकडे कुठून असणार? शेवटी बर्फाच्या कप्प्यात टाकलं तेव्हा जमलं. गोठताना ते सुमारे तीन टक्के फुगतं, म्हणून काचेच्या बाटलीत गच्च भरू नका.

या खटाटोपात एक थेंब ओट्यावरच्या जर्मनच्या गंजात पडला. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं आणि जर्मन म्हणजे ॲल्युमिनिअम. लोखंडावरचा गंज वेगळा.) मी पुसून टाकला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी आईनं गंज घासायला घेतला, तर बुडाला बोट लावताच आरपार गेलं. एरवी ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो त्याला जपतो. घासून घासून ओरखडे पडलेल्या जागी गॅलिअम आत शिरलं, धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत पसरलं, आणि अख्खा तुकडा बिस्किटासारखा ठिसूळ झाला. नवीन गंज आणून द्यावा लागला, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता नियमाकडे. नियम आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: वितळताना नेमकं काय सुटतंय?

अल्क धातूंचा गण (आवर्तसारणीतला उभा रकाना) बघा. लिथिअम १८०.५, सोडिअम ९७.८, पोटॅशिअम ६३.५, रुबिडिअम ३९.३, सिझिअम २८.५. खाली जावं तसा द्रवणांक उतरत जातो. इथे प्रत्येक अणू आपला एकुलता एक बाहेरचा इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत टाकतो आणि ती ठेव सगळ्यांना धरून ठेवते. अणू मोठा होत गेला की ठेव तेवढीच राहते, पण ती जास्त जागेत पसरते. केंद्रकापासून अंतरही वाढतं. पकड सैल पडते.

आता हॅलोजन. फ्लोरीन उणे २२०, क्लोरीन उणे १०१, ब्रोमीन उणे ७, आयोडीन ११४. हा गण खाली जावं तसा चढतो, बरोबर उलटा! अणू इथेही खाली जाताना मोठेच होतात. मग फरक कशाचा? इथे दोन-दोन अणूंचे रेणू आहेत आणि वितळताना त्यांच्यातला बंध तुटतच नाही. सुटतं ते रेणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण. रेणू जितका मोठा आणि इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका त्याचा इलेक्ट्रॉनचा ढग सहज हलतो आणि हे आकर्षण वाढतं. कारण दोन्हीकडे एकच, आकार वाढणं, पण एका गणात त्यानं पकड सुटते, दुसऱ्यात बसते. मुलं हे दोन गण वेगवेगळे पाठ करतात म्हणून परीक्षेत उलटसुलट लिहितात.

आडवं गेलात तर तिसऱ्या आवर्तात सोडिअम ९८, मॅग्नेशिअम ६५०, ॲल्युमिनिअम ६६०, सिलिकॉन १४१४, आणि लगेच पांढरा फॉस्फरस ४४. सिलिकॉनमध्ये अख्खी जाळी तोडावी लागते, फॉस्फरसमध्ये चार अणूंचे सुटे रेणू नुसते एकमेकांपासून मोकळे होतात. हा कडा नीट समजला की पुढचं फार सांगावं लागत नाही.

मधल्या धातूंत एक खळगा आमच्या जिल्ह्याचा आहे. क्रोमिअम १९०७, लोह १५३८, आणि दोघांच्या मध्ये मँगनीज १२४६. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतून निघतं तेच. त्याचं डी उपकवच (अणूतला इलेक्ट्रॉनांचा एक कप्पा) निम्मं भरलेलं असतं, ते इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत उतरायला नाखूश असतात. जस्तात ते पूर्ण भरलेलं, म्हणून जस्त तर ४२० वरच वितळतं.

जस्ताच्या खाली कॅडमिअम ३२१, आणि त्याखाली एकदम पारा, उणे ३९. ही उडी साध्या नियमात बसत नाही. पाऱ्याच्या केंद्रकात ८० प्रोटॉन आहेत. त्यांच्याजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग इतका वाढतो की आइन्स्टाइनची सापेक्षता लागू करावी लागते. त्यामुळे सगळ्यांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन (एस उपकवचातले) आत ओढले जातात आणि शेजाऱ्याला हात द्यायला फारसे तयार होत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, सापेक्षता धरली नाही तर पाऱ्याचा द्रवणांक सुमारे १०५ अंशांनी वर जातो. तसं असतं तर नवतप्यातसुद्धा पारा घट्ट राहिला असता आणि ‘पारा चढला’ हा वाक्प्रचार आपल्याला मिळाला नसता.

गॅलिअमची गोष्ट वेगळी. घट्ट अवस्थेत त्याच्या प्रत्येक अणूचा एकच शेजारी अगदी जवळ असतो, बाकीचे लांब. अशी जोड्याजोड्यांची विस्कळीत रचना थोड्या उष्णतेनं मोडते. पण मोडल्यावरही धातूचा बंध शाबूत असतो, म्हणून ते उकळायला दोन हजार अंशांच्याही वर न्यावं लागतं. अणूंची खरी पकड बघायची तर माझ्या मते द्रवणांकापेक्षा उत्कलनांक बरा. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनं मात्र १८७१ सालीच, हे मूलद्रव्य सापडायच्या चार वर्षं आधी, ‘एका-ॲल्युमिनिअम’चा (गॅलिअमला त्यानं दिलेलं नाव) द्रवणांक कमी असेल असं लिहून ठेवलं होतं.

माझी डबी आता कपाटात आहे. डिसेंबरात गोठलेली असते, तेव्हाच वर्गात नेतो.